मदर हाऊसला जाण्याआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

कोलकात्याचं मदर हाऊस, म्हणजे मदर तेरेसांच्या संस्थेचं मुख्य घर, बघायला निघाली आहेस, तर गुरुवार तेवढा टाळ. त्या दिवशी बंद असतं. एरवी सकाळी ८ ते १२ आणि दुपारी ३ ते ६. बहुतेकांची फजिती होते ती याच वेळांमुळे. सगळं आवरून साडेअकराला पोचायचं, मदर तेरेसांच्या समाधीपाशी चार मिनिटं होत नाहीत तोवर बारा वाजतात. ते संन्यासिनींचं राहतं घर आहे, संग्रहालय त्यातली एक खोली. आपल्यासाठी दिवसभर दार उघडं ठेवणं त्यांना जमणारं नाही. तू तीनलाच पोच, दीड तास पुरतो.

जादवपूरहून लोकलने सियालदहला उतर आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रोडने दक्षिणेकडे चालू लाग. मौलालीचा चौक ओलांडून थोडं पुढे, ५४ अ नंबर. सगळी मिळून वीस-पंचवीस मिनिटांची चाल. दार बाजूच्या गल्लीत आहे, नुसतं रस्त्याकडे बघत गेलीस तर पुढे निघून जाशील. कुणाला विचारलंस तर ‘मदर हाऊस’ असंच विचार. नुसतं ‘मदर तेरेसा’ म्हटलंस तर याच रस्त्यावरच्या ७८ नंबरच्या शिशु भवनात पाठवतील, नाहीतर थेट कालीघाटच्या निर्मल हृदयला. ते १९५२ साली कालीमंदिराच्या शेजारी सुरू झालेलं मरणासन्नांचं घर, इथून बरंच लांब. तिकीट कुठेच नाही.

समाधी तळमजल्यावर. साधा पांढरा चौथरा, वर झेंडूच्या पाकळ्यांनी लिहिलेली एखादी ओळ. पलीकडे रस्ता असल्याने बसचे हॉर्न सतत ऐकू येतात, त्याला इलाज नाही.

संग्रहालयात लोक भिंतीवरचे फलक वाचत बसतात आणि वस्तूंवरून नुसती नजर फिरवतात. तू उलट कर. १९७९ चं नोबेल, १९८० चं भारतरत्न, २०१६ मध्ये संतपद, हे घरी बसूनही वाचता येईल. चपला मात्र नीट बघ, किती झिजल्या आहेत ते. जेवणाचं भांडं बघ. आणि साडी. निळ्या काठांची ही साडी टिटागढला, कुष्ठरोगी आणि बरे झालेले रुग्ण जिथे राहतात त्या संस्थेच्या हातमागांवर विणली जाते. हे ठाऊक असलं की काचेपलीकडचं ते पांढरं कापड वेगळंच दिसतं.

फलकांतली एकच गोष्ट शोधून वाच, १९४८ ची. लोरेटो हा आपला संन्यासिनींचा संघ सोडल्यावर मदर तेरेसा लगेच गरिबांच्या वस्तीत गेल्या नाहीत. आधी पाटण्याला जाऊन शुश्रूषेचं प्राथमिक शिक्षण घेतलं आणि मग मोतीझीलमध्ये काम सुरू केलं. ती वस्ती, त्या जिथे शिकवत होत्या त्या एंटालीच्या शाळेला लागूनच. करुणेबद्दल सगळे बोलतात, या तयारीबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

वरच्या मजल्यावरची त्यांची खोली दारातूनच बघायची. १९५३ पासून ५ सप्टेंबर १९९७ ला जाईपर्यंत त्या याच घरात राहिल्या. अरुंद खाट, टेबल, खाटेच्या वर भिंतीला काट्यांचा मुकुट. खाली स्वयंपाकघर असल्याने खोली तापायची, तरी पंखा लावू दिला नाही. इथे फोटो काढू देत नाहीत, समाधीपाशी चालतो.

एक लक्षात ठेव. हे संग्रहालय त्यांच्याच संस्थेने मांडलेलं आहे. कालीघाटच्या घरात वेदनाशामक औषधं पुरेशी दिली जात नव्हती, डॉक्टरी देखरेख अपुरी होती, असे आक्षेप १९९० च्या दशकापासून घेतले गेले. ते तिथे सापडायचे नाहीत. मला त्यातले काही रास्त वाटतात. त्यांच्या पत्रांतून पुढे उघड झालं की कित्येक वर्षं त्यांना देवाचं सान्निध्य जाणवतच नव्हतं. ते माहीत असताना ती खोली बघणं आणि नसताना बघणं यात फरक पडतो.

स्वयंसेविका म्हणून काम करावंसं वाटलं तर संस्थेच्या कुठल्याही घरी परस्पर जाऊन उभी राहू नकोस. आधी नाव नोंदवावं लागतं, तेही ठरावीक वारी. तो वार आणि वेळ तिथल्या सिस्टरांनाच विचार, जाताना ओळखपत्र ने, आणि परीक्षा झाल्यावरच जा. चार दिवस जाऊन सोडण्यापेक्षा सलग दोन आठवडे मोकळे ठेव.

तुझे,
बाबा