किडनीच्या सोनोग्राफीत महाधमनीही मोजा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

साठी ओलांडलेला, वर्षानुवर्षे बिडी ओढणारा पुरुष कुशीत दुखतं म्हणून सरकारी रुग्णालयात येतो. सोनोग्राफीत किडनीला सूज दिसते, खडा मात्र सापडत नाही. ‘पडून गेला असेल’ असं म्हणून त्याला घरी पाठवू नये, यासाठी हे पत्र.

कारण मूळ आजार महाधमनीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत, असू शकतो. पोटातल्या महाधमनीच्या फुगवट्यांपैकी साधारण ३ ते १० टक्के दाहजन्य असतात. त्यांत महाधमनीची भिंत पुढून आणि बाजूंनी जाड होते, भोवती तंतुमय पेशीजाल वाढतं. ते मूत्रवाहिनीला (किडनीतून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळीला) आत ओढून आवळतं, लघवी तुंबते, किडनी हळूहळू निकामी होते. पोट-पाठदुखी, घटलेलं वजन आणि वाढलेला ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) एकत्र दिसले, तर हा आजार आधी आठवायला हवा.

आमची मुख्य मागणी साधी आहे. पन्नाशीपुढच्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषाची किडनीची सोनोग्राफी करताना, त्याच प्रोबने छातीच्या हाडाखालून बेंबीपर्यंत महाधमनी पाहावी; पुढून मागे, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजून आकडा अहवालात लिहावा. वेगळं यंत्र लागत नाही. आतड्यातल्या वायूमुळे दिसली नाही, तर तसंही लिहावं; रिकामी जागा म्हणजे ‘नॉर्मल’ नव्हे. व्यास ३ सेंमी किंवा जास्त असेल, तर सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) करावी. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल, तर स्कॅनसाठी शिरेतून दिलं जाणारं कॉन्ट्रास्ट औषध देण्याआधी विचार करावा आणि आधी किडनी मोकळी करावी: मूत्रवाहिनीत बसवायच्या डीजे स्टेंट या नळीने, तो चढत नसेल तर पाठीतून किडनीत नळी घालून.

इथेच चुका होतात. फुगवटा न तपासता लिथोट्रिप्सी (बाहेरून लहरींनी खडा फोडणं) केली जाते. लघवीच्या संसर्गावर सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे फ्लुरोक्विनोलोन गटातलं प्रतिजैविक सहज लिहिलं जातं. या गटातल्या औषधांनी महाधमनी फाटण्याचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१८ मध्ये दिला आहे. फुगवट्यामागे जंतुसंसर्ग नाही ना, हे न पाहताच दाह कमी करण्यासाठी स्टेरॉइड सुरू होतात. आणि डीजे स्टेंट आत विसरला जातो. तो साधारण ३ ते ६ महिन्यांत बदलावा किंवा काढावा लागतो. विसरला तर त्यावर खडे चढतात. प्रत्येक रुग्णालयात स्टेंटची नोंदवही, काढण्याची तारीख आणि रुग्णाचा फोन नंबर हवाच.

फुगवट्याच्या शस्त्रक्रियेनंतरही मूत्रवाहिनीभोवतीची तंतुमय आवळण प्रत्येकात सुटत नाही. म्हणून महाधमनीत स्टेंट-ग्राफ्ट (फुगवट्याला आतून आधार देणारी कृत्रिम नळी) बसला की काम संपलं, असं न धरता क्रिएटिनिन आणि किडनीची सोनोग्राफी ठरावीक काळाने व्हावी, आणि तिचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत धरावा.

सोनोग्राफी अहवालाच्या छापील नमुन्यात ‘महाधमनी: ___ सेंमी’ ही ओळ घालण्याचं परिपत्रक आपण काढावं, ही विनंती.

आपले,
मूत्ररोग व रक्तवाहिनी शल्यचिकित्सक