तू सांगितलंस ते कामी आलं

लीड्स,
२२ जून २०२५

ती. सौ. आईस आणि ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर मी "नंतर सविस्तर सांगते" म्हणून विषय बदलला, त्याचा तुला राग आला असेल. पण फोनवर तू लगेच "बाई गं, या गोळ्या किती दिवस?" विचारतेस, मागे बाबा टीव्हीचा आवाज कमी करतात, आणि माझ्या तोंडून अर्धंच बाहेर पडतं. म्हणून आज लिहायला बसले. बाबांनाही वाचायला दे, त्यांच्यासाठी पुढे एक गोष्ट आहे.

आधी जानेवारीत माझ्या तपासणीसाठी डॉक्टरांनी तुझ्याशी केलेल्या त्या व्हिडिओ कॉलचं बोलते. तो तुझ्या मनातून गेलेला नाही, हे मला तुझ्या आवाजावरून कळतं.

आई, एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही किंवा फार चंचलपणा असतो तो त्रास, आहे की नाही हे रक्त तपासून कळत नाही, मेंदूचा फोटो काढूनही कळत नाही. ते माणसाच्या आयुष्याची चौकशी करून ठरवावं लागतं. नऊ-नऊ लक्षणांच्या दोन याद्या असतात, एक लक्ष न लागण्याची आणि दुसरी चंचलपणाची. मोठ्या माणसात एका यादीतली तरी निदान पाच असावी लागतात. शिवाय त्यातली बरीचशी बाराव्या वर्षाच्या आधीपासून दिसत असली पाहिजेत. आज चौतिसाव्या वर्षी माझं लक्ष लागत नाही, एवढ्यावर कोणी निदान करत नाही. झोप पुरी नसेल, थायरॉइड बिघडला असेल, मन खचलं असेल तरी लक्ष उडतं. म्हणून डॉक्टरांना तू हवी होतीस. माझं लहानपण माझ्यापेक्षा तुला ठाऊक.

त्यांनी पहिल्यांदा विचारलं, मुलगी वस्तू हरवायची का? तू पदर नीट करून म्हणालीस, "नाही हो, फार गुणी पोर. पहिल्या पाचात नंबर." मी ते इंग्रजीत सांगत होते आणि माझा घसा दाटून येत होता. परक्या माणसापुढे तू मला सांभाळून घेत होतीस. मग त्यांनी विचारलं, घरचं काम सांगून बाहेर पाठवलं तर ते पुरं व्हायचं का? तू थांबलीस. बराच वेळ काही बोलली नाहीस. आणि मग तू दळणाची गोष्ट सांगितलीस.

गव्हाचा डबा देऊन तू मला गिरणीत पाठवलं होतंस. तासाभरानं मी रिकाम्या हातानं घरी आले, आणि डबा कुठाय विचारल्यावर "कसला डबा?" म्हणाले. डबा गिरणीतही नव्हता. वाटेत एका घराच्या ओट्यावर मांजरीची पिल्लं बघत बसले होते, तिथे संध्याकाळी सापडला. गहू तसाच. सांगता सांगता तू म्हणालीस, "धांदरटच होती हो." तिथे मी अडले. तीन इंग्रजी शब्द सांगून बघितले, एकही बसेना. शेवटी म्हटलं, हात एका कामात आणि चित्त दुसऱ्या, घाईत चुका होतात, पण मुद्दाम काही करत नाही, असं आई म्हणतेय. डॉक्टरांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. निदानाच्या अहवालात तुझं हे वाक्य आहे, आणि त्याच्याखाली तू फोटो काढून पाठवलेल्या सहावीच्या प्रगतीपुस्तकातला शेरा: "हुशार आहे. वर्गात लक्ष नसते. वह्या अपूर्ण."

कॉल संपल्यावर तू रडलीस. म्हणालीस, मी पोरीच्या चहाड्या केल्या, आणि लहानपणी उगाच बोलत राहिले. आई, तू खरं सांगितलं नसतंस तर हे निदान झालंच नसतं. आणि तेव्हा मिरजेत हे कुणाला माहीत होतं? बाकं वाजवणारी मुलं मास्तरांच्या डोळ्यांवर येत. मी खिडकीशी गप्प बसलेली असायचे, माझ्यासारख्या मुली कुणाच्या ध्यानातच येत नसत. इथेही बऱ्याच बायकांना हे पस्तिशी-चाळिशीत कळतं.

आता पैशाचं. तू विचारलं नाहीस, पण बाबांच्या मनात असणार. इथले सरकारी उपचार फुकट असतात हे खरं, पण आमच्या भागात मोठ्यांच्या तपासणीची रांग काही वर्षांची आहे. इंग्लंडमध्ये सरकारी खर्चानं दुसरी संस्था निवडायचा हक्कही आहे, तिथेही मला वर्षाच्या वर थांबा सांगितलं. ऑफिसात दोनदा लेखी समज मिळाली होती. तेवढा धीर माझ्यात नव्हता. म्हणून खासगी गाठलं. तपासणीला साडेआठशे पौंड गेले, पुढे डोस बसेपर्यंत दर महिन्याला तपासणीचे आणि औषधाचे वेगळे. साठवलेले होते त्यातून दिले, कर्ज काढलं नाही.

आणि ज्याची तुला धास्ती आहे, ते औषध. लिसडेक्सअँफेटामिन नाव आहे. कॅप्सूल गिळल्याबरोबर ते काम करत नाही. शरीरात त्याचा एक तुकडा रक्तपेशींत हळूहळू सुटतो, मग खरं औषध तयार होतं. त्यामुळे एकदम झटका बसत नाही आणि सकाळी घेतलेलं संध्याकाळपर्यंत पुरतं. डोस वजन बघून ठरत नाही, प्रत्येकाचा वेगळा शोधावा लागतो. सुरू करण्याआधी घरात कुणाला हृदयाचं काही होतं का विचारलं. मी आजोबांचं सांगितलं, तर आधी ईसीजी काढून घ्यायला लावला. मग ३० मिलीग्रॅमनं सुरुवात. रक्तदाबाचं यंत्र विकत आणलं. रोज नाडी नि रक्तदाब, आठवड्याला वजन, सगळं लिहून नर्सला पाठवायचं. इथे असं शिक्षण घेतलेल्या नर्सही औषध लिहून देतात. तीच डोस वाढवायची की थांबायचं ते सांगायची.

३० वर फारसं काही झालं नाही, फक्त तोंड कोरडं. तीन आठवड्यांनी ५०. चौथ्या-पाचव्या दिवशी संध्याकाळी आमटी करत होते. तेल तापत ठेवलं आणि मी ओट्यापाशीच उभी राहिले. मोहरी तडतडली, जिरं, हिंग, कढीपत्ता, हळद, सगळं ओळीनं. फोडणी आमटीत ओतल्यावर माझ्या लक्षात आलं, या मधल्या दोन मिनिटांत मी कुठेच गेले नव्हते. फोन घ्यायला नाही, वाळलेले कपडे काढायला नाही, भलत्याच विचारातही नाही. या घरात माझ्या किती फोडण्या करपल्या, तुला सांगितलेलं नाही. त्या दिवशी मी गॅस बंद करून तिथेच जमिनीवर बसले आणि रडले.

मग मला हाव सुटली. एवढ्यानं इतकं, तर ७० नं किती, असं वाटलं. नर्सनंही बघू म्हणून ७० दिलं. ते मात्र सोसलं नाही. हात गार पडायचे, दात एकमेकांवर आवळले जायचे, रात्री दोनपर्यंत डोळा लागायचा नाही. एका शनिवारी मसाल्याच्या बरण्या पुसायला घेतल्या, त्या तीन वाजेपर्यंत पुसतच राहिले, जेवायचं सुचलं नाही. नुसती बसलेली असताना नाडी ११२. आकडे पाठवले, दुसऱ्या दिवशी नर्सचा फोन, परत ५० वर या. मला हरल्यासारखं झालं होतं. ती म्हणाली, जास्त डोस म्हणजे जास्त बरं असं नसतं, जिथे काम होतं आणि शरीर कुरकुरत नाही तो तुमचा डोस. आता नाडी ऐंशीच्या आसपास, झोप अकराला.

भूक मात्र कमी झाली, ते तू फोटोत ओळखलंसच. चार किलो उतरले होते, दोन परत आले. आता कॅप्सूल घ्यायच्या आधी पोटभर खाते, मुगाचं धिरडं नाहीतर दोन अंडी. दुपारी भूक नसली तरी घड्याळ बघून जेवते. संध्याकाळी सहाच्या सुमाराला औषध उतरतं तेव्हा चिडचिड होते. म्हणून तुला त्या वेळी फोन करत नाही, त्याचा दुसरा अर्थ काढू नकोस.

बाबा, तुम्ही विचारलंत की उत्तेजक औषधानं माणूस शांत कसा होईल. प्रश्न बरोबर आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली नावाच्या डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्यातल्या मुलांना डोकेदुखीवर उपाय म्हणून अशाच जातीचं औषध दिलं. डोकं दुखायचं फारसं थांबलं नाही, पण मुलांचा अभ्यास एकाएकी सुधारला. त्यांची गणितं सुटायला लागली, म्हणून मुलंच त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणायची. मेंदूचा आवर घालणारा भाग अशा माणसांत थोडा झोपेत असतो, औषधानं तो जागा होतो, असं मला समजावलं गेलं. आठवीत तुम्ही मला रोज रात्री गणित शिकवायचात. मी तिसऱ्या पायरीवर चिन्ह चुकवायचे आणि तुम्ही न रागावता पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करायचात. बाकी सगळे बोलले, तुम्ही कधी बोलला नाहीत. ते मला कायम आठवतं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. डोस बसला की पुढची चिठ्ठी आपल्या नेहमीच्या सरकारी डॉक्टरनं द्यायची, अशी सोय असते. मग औषधाला महिन्याला ९.९० पौंडच पडतात. माझ्या दवाखान्यानं खासगी निदान असल्यामुळे नाही म्हणून कळवलं. त्यांना तसं करता येतं. मला फार लागलं ते. सगळे कागद, ईसीजी, चार महिन्यांचे आकडे त्यांच्यापुढे होते. दुसऱ्या दवाखान्यात नाव घालतेय. तोवर औषधाला महिन्याला शंभराच्या वर जातात.

आणि आई, गणपतीला येतेय, तिकीट काढलं. चतुर्थी २७ ऑगस्टला आहे, मी २३ ला पोचेन. सहा आठवडे राहा म्हणतेस, पण हे औषध नियंत्रित यादीतलं, एका वेळी सहसा तीस दिवसांचंच मिळतं. म्हणून तीन आठवडे. डॉक्टरांचं पत्र आणि मूळ डबे हातातल्या बॅगेत ठेवीन. गोळ्या कायमच्या का, याचं उत्तर दर वर्षी तपासून ठरेल. नको वाटल्या तर डॉक्टरांशी बोलून थांबवता येतात.

ते प्रगतीपुस्तक माळ्यावर परत टाकू नकोस. मला सोबत आणायचंय. आणि तेवीस तारखेला दुपारी कितीही आग्रह केलास तरी थोडंच वाढ, रात्री मात्र मी पोटभर जेवीन. कटाची आमटी कर. फोडणी मी देईन.

तुमची,
धाकटी