ड्रायव्हरला कोणी मारलं?

नागपूर,
पोळ्याच्या आदला दिवस

प्रिय मित्रा,

रेमंड चँडलरची ‘द बिग स्लीप’ ही रहस्यकादंबरी वाचू की नको, एवढंच तू विचारलंस. आता माझी पंचाईत अशी की मला एक उत्तर देता येत नाही. लक्ष्मीनगरच्या आमच्या बैठकीत या महिन्यात हीच कादंबरी होती आणि जितकी माणसं तितकी मतं पडली. वेगळ्या विदर्भावरूनही आमच्यात एवढी खडाजंगी होत नाही. मी लिहितो सगळ्यांचं, मग तूच ठरव.

गोष्ट थोडक्यात सांगतो, शेवट सोडून. लॉस एंजेलिसमधला फिलिप मार्लो नावाचा खाजगी गुप्तहेर. पंचवीस डॉलर रोज आणि वरखर्च, हा त्याचा भाव. आधी सरकारी वकिलाच्या ऑफिसात तपासाचं काम करायचा, उलट बोलतो म्हणून काढलेला. त्याला स्टर्नवुड नावाचा म्हातारा, तेलात गब्बर झालेला जनरल बोलावतो. धाकट्या मुलीने सही केलेल्या कर्जाच्या चिठ्ठ्या दाखवून एक पुस्तकवाला पैसे उकळून राहिला आहे, त्याचा बंदोबस्त कर म्हणतो. पुस्तकवाल्याचं दुकान बाहेरून दुर्मिळ ग्रंथांचं आणि आतून अश्लील पुस्तकं भाड्याने देणारं. त्यानंतर पाऊस, आणि पावसात एकामागून एक मुडदे.

पहिली भेट मात्र पावसात नाही. जनरलला सदा थंडी वाजते, म्हणून तो ऑर्किडच्या काचघरात ऊब धरून बसतो. मार्लो तिथे कोट काढून घामाने निथळत ब्रँडी पितो. म्हाताऱ्याला स्वतःला पिता येत नाही, दुसऱ्याला पिताना बघून तो आपली हौस भागवतो. हा प्रसंग आमच्याकडे एकमताने पास झाला. निवृत्त ठाणेदार म्हणाले, “मे महिन्यात कूलर बंद पडला की आमच्या घरी हेच काचघर असते, फक्त ब्रँडी नसते.” मला वाटतं, नागपूरच्या वाचकाला तो दमट, गुदमरवणारा परिच्छेद जितका अंगाला चिकटतो तितका पुण्याच्या वाचकाला चिकटणार नाही. तू वाचून बघच.

त्यानंतर एकमत संपलं.

ठाणेदारांना मार्लोचा राग आला. खुनाच्या जागी हा माणूस सगळ्यात आधी पोचतो आणि पोलिसांना कळवत नाही. आपल्या अशिलाच्या मुलीला तिथून उचलून गुपचूप घरी नेऊन सोडतो. आमचे वकीलसाहेब लगेच पुढे सरसावले. खुनासारख्या गुन्ह्याची माहिती असेल तर ती पोलिसांना देणं आपल्याकडे कुठल्याही नागरिकाचं कर्तव्यच आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ३९ होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत ३३ आहे. मार्लो नागपुरात असता तर कोर्टात तारखा मोजत बसला असता, असा त्यांचा निवाडा. यावर ठाणेदारांनी जे सांगितलं ते मला जास्त पटलं. मार्लोला सारखी भीती कशाची? लायसन्स जाण्याची. आपल्याकडे खाजगी गुप्तहेरांसाठी लायसन्सचा कायदाच नाही. २००५ चा कायदा सिक्युरिटी गार्ड पुरवणाऱ्या एजन्सींसाठी आहे. गुप्तहेरांसाठी २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं, पण त्याचा कायदा काही झाला नाही. म्हणजे आपल्याकडच्या मार्लोला गमावण्यासारखं काही नाही आणि भिण्यासारखं सगळंच आहे. त्याचं काम बहुतेक लग्नाआधी मुलाची चौकशी करण्याचं, पगार किती, दारू पितो का. त्यावर कादंबरी व्हायला हवी खरं म्हणजे. कोणी लिहीत का नाही बा?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक पोरगी आमच्यात नवी आहे. अगाथा ख्रिस्ती कोळून प्यायलेली. तिचा आक्षेप नियमांवरून होता. रोनाल्ड नॉक्स या पाद्र्याने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले, गुप्तहेराला मिळालेला धागा वाचकालाही मिळाला पाहिजे वगैरे. त्या फूटपट्टीने तिने रेमंड चँडलरला सरळ नापास केलं. धागे आहेत, पण गाठ मारायला लेखकच विसरतो म्हणाली. बायकांना तो कसं रंगवतो, त्या दुकानदाराच्या समलिंगी असण्यावर मार्लो कशी घाणेरडी शेरेबाजी करतो, यावरही ती तुटून पडली. तिथे मी तिच्या बाजूचा. १९३९ चं पुस्तक आहे म्हणून सोडून द्या, असं वकीलसाहेब म्हणाले. पण बाकी सगळ्यांना माणूस म्हणून बघणारा लेखक इथेच आंधळा होतो, हे लपत नाही.

तुझ्या माझ्यासारख्या चाळिशी उलटलेल्यांना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. चँडलरची ही पहिली कादंबरी, आणि ती आली तेव्हा तो पन्नाशीला पोचलेला होता. तेलाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, दारूपायी आणि दांड्या मारण्यापायी १९३२ मध्ये नोकरी गेली. मग पोटासाठी स्वस्त मासिकांत रहस्यकथा लिहायला लागला. ही कादंबरीही त्याने आपल्याच जुन्या कथा तोडून-जोडून उभी केली आहे. सांधे दिसतात ते त्यामुळेच. हे ऐकल्यापासून आमचे एक निवृत्त बँकवाले फारच खुशीत आहेत. त्यांच्या कपाटात दोन अर्धवट कादंबऱ्या आहेत, आणि त्या सांधून एक होईल असं त्यांना वाटून राहिलं आहे. देव आपलं रक्षण करो.

आत्या म्हणजे अर्नाळकरांची जुनी भक्त. महाल भागातल्या वाड्यात असताना त्यांच्या काळापहाड आणि झुंजार या नायकांच्या कथा भाड्याने आणून, पाठ्यपुस्तकात लपवून वाचायची. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यातल्या निम्म्या तरी आपण वाचल्या असा तिचा दावा आहे. तिचं मत एका वाक्यात: “झुंजार असता तर साठ पानांत आटपलं असतं.” आणि तिला मार्लोची गरिबी खटकली. गुप्तहेर कसा रुबाबात पाहिजे! रोजीवर काम करणारा, स्वतःच्या खोलीत एकटाच बुद्धिबळाचा डाव मांडून बसणारा माणूस तिला गुप्तहेर वाटेच ना. मला नेमकं तेच आवडलं. त्याला विकत घ्यायला सगळे टपलेले असतात, पैशाने, बाईने, धाकाने, आणि तो आपली पंचवीसची रोजी धरून बसतो.

आता मुख्य भांडणाकडे येतो. स्टर्नवुडांचा एक तरुण ड्रायव्हर आहे, ओवेन टेलर. मालकाची ब्युइक गाडी धक्क्यावरून समुद्रात गेलेली सापडते आणि आत हा मेलेला. कानशिलावर माराची खूण. त्याने स्वतः जीव दिला की कोणी मारला? पुस्तकात अंदाज आहेत, उत्तर नाही. सांगतात की हॉवर्ड हॉक्स हा दिग्दर्शक या कादंबरीवर १९४६ चा सिनेमा करत होता तेव्हा चँडलरलाच हे विचारलं गेलं, आणि मलाही माहीत नाही, असं त्याने कळवलं. पोरगी म्हणाली, बघा, लेखक नापास. ठाणेदार म्हणाले, असे कागद प्रत्येक ठाण्यात असतात, अकस्मात मृत्यूची नोंद करून बासनात बांधलेले, आणि त्यातच या पुस्तकाचा खरेपणा आहे. दोन तास हेच चाललं.

खरं मत मला घरी मिळालं. वहिनीने पुस्तक वाचलेलं नाही, रोज संध्याकाळी ती पोळ्या लाटताना मी तिला एकेक प्रकरण मराठीत सांगत होतो. पुस्तकवाला मेला, त्याचा माल पळवणारा मेला, मोठ्या मुलीचा नवरा बेपत्ता, हे सगळं तिने शांतपणे ऐकून घेतलं. ड्रायव्हरनंतर चार प्रकरणं पुढे गेलो तरी ती अडून बसली. “त्याच्या घरचं कोणी आलं नाही काय विचारायला? आई नाही, बहीण नाही?” मी म्हटलं, पुस्तकात तसं काही नाही. तर म्हणे, “जावई हरवला त बंगला हलते, ड्रायव्हर मेला त गाडीचं काय झालं ते पाहते.”

मित्रा, मी ही कादंबरी दोनदा वाचली आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. चँडलर विसरला असेल, मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. पण त्या घरात ज्याचा मृत्यू विसरला जाऊ शकतो असा तोच एक होता, आणि लेखक नेमका त्यालाच विसरला. बंगल्यातल्यांसाठी मार्लो शेवटपर्यंत झटतो, एक सत्य शोधून काढतो आणि जनरलपासून लपवूनही ठेवतो. (काय ते सांगत नाही.) ड्रायव्हरसाठी त्याला कोणी पंचवीस डॉलर दिलेले नाहीत. एवढं मनात ठेवून वाचशील तर भोक दिसलं म्हणून पुस्तक फेकणार नाहीस, आणि मार्लोला देवही करणार नाहीस.

तेव्हा वाच. पुस्तक धाकट्यासोबत पाठवतो, तो शनिवारच्या रात्रीच्या गाडीने निघेल. ठाणेदारांनी समासात पेन्सिलीने पंचनाम्यासारख्या नोंदी केल्या आहेत, त्या खोडू नकोस, अर्धी गंमत त्यांच्यात आहे. बदल्यात अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत झुंजार दिसला तर घेऊन ठेव. पुढच्या बैठकीत अर्नाळकर घ्यायचे, नाहीतर मी येत नाही, असं आत्याने बजावलं आहे आणि बर्डीच्या फुटपाथवर मला अजून एकही मिळालेला नाही.

वहिनीने संत्रा बर्फी दिली आहे, ती मुलांसाठी आहे.

तुझा,
बंड्या