कात्रजला चाक सोडवून देणाऱ्या त्या दोघांना
रविवारी कात्रजच्या जुन्या घाटात गाडी ओढेना, मागच्या डाव्या चाकातून जळका वास, चाकातला ब्रेकचा ड्रम तापून लाल व्हायचा बाकी, आई मागे बसलेली, मी पाणी ओतणार तेवढ्यात तुम्ही बाईक थांबवून धावत आलात, "दादा पाणी नको, ड्रमला तडा जाईल!" गार झाल्यावर पुढच्या चाकाला दगड लावून जॅक चढवला, चाक हाताने फिरेना. हँडब्रेकची केबल गंजून अडकलेली, तुम्ही चाकामागचा छोटा लिव्हर ढकललात, खट् आवाज आला आणि चाक मोकळं. केबल बदलेपर्यंत हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये लावा, एवढं बजावून चहालाही न थांबता गेलात. नावं विचारायची राहिलीच. काल केबल बदलली. आई अजून तुमचंच बोलतेय, खूप खूप आभार!