अर्धी टाकी

ठाणे, मंगळवार रात्र

प्रिय सुध्या,

सात महिने ना फोन, ना पत्र. रागावला असशील, तुझा हक्कच आहे. बाबांची शुगर आटोक्यात, माझा गुडघा तसाच. काल गायमुखला जे झालं ते इथे कुणाला सांगून कळणार नाही, म्हणून लिहायला बसलोय.

सांडपाण्याचा आमचा फिरता प्लांट, 20 फुटी कंटेनरमधला, कामगारांच्या एका छावणीवरून उचलून महाप्याला न्यायचा होता. आत 8,000 लिटरची एमबीबीआर टाकी, म्हणजे पाण्यात फिरणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यांवर जीवाणू वाढवून सांडपाणी साफ करणारी. त्या तुकड्यांवर, मीडियावर, जीवाणूंचा तो तपकिरी, बुळबुळीत थर धरायला तीन आठवडे लागले होते. सुकला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मीच म्हटलं, टाकी अर्धी भरलेली राहू द्या. चलानवर सही माझी.

म्हणजे 4 टन पाणी, आत मोकळं. फाउंटन हॉटेलकडून येताना गायमुख घाटाच्या उतारावर डावं वळण आलं, समोर रिक्षा थांबलेली, ड्रायव्हरने ब्रेक मारला. मी मागच्या जीपमध्ये. आधी टाकीतून धप्प आवाज आला, आणि ट्रेलरची डावीकडची चाकं रस्ता सोडून वर उचलली. चाकांखालून पलीकडची झाडी दिसली, सुध्या. मग सगळं पुन्हा खाली आदळलं. कुणाला खरचटलंही नाही. ड्रायव्हर खाली उतरला आणि दोन्ही हात बोनेटवर टेकून किती तरी वेळ उभा राहिला.

मला तुझे अण्णा आठवले. "भरला टँकर शहाणा, रिकामा टँकर शहाणा, अर्धा तेवढा प्यालेला." हॉस्टेलवर तू हे ऐकवायचास आणि मी हुज्जत घालायचो, वजन कमी तर धोका कमी. त्यावरून आपलं दोन दिवस बोलणं बंद होतं, शेवटी काकूंच्या लसणीच्या चटणीने तह केला. अण्णांचं बरोबर होतं रे.

टाकीत आडव्या प्लेटा आहेत, त्यावर मी निर्धास्त होतो. पण त्या पुढे-मागे धावणारं पाणी अडवतात. वळणावर पाणी बाजूला धावतं, तिथे लांबीच्या दिशेने पडदा हवा. तो नसेल तर टाकी रिकामीच करायची. मीडिया ओला ठेवून झाकायचा, चालू टाकीतला गाळ दोन ड्रमांत बंद करून दुसऱ्या गाडीने न्यायचा. एका दिवसात थर मरत नाही. तू मला शिकवलं होतंस ना, बोअर खणताना डीटीएच (डाउन-द-होल) हॅमर, म्हणजे ठोके देणारा हातोडा, भोकात बिटाच्या, खडक फोडणाऱ्या टोकाच्या, मागेच का असतो? वरून ठोकलं तर मार रॉडमध्येच जिरतो. मीही बाहेरून साखळ्या आवळत बसलो, दुखणं टाकीच्या आत होतं.

रात्रीच रिपोर्ट लिहिला, सहीसकट. साहेब म्हणतात, काही झालं नाही ना, मग कागद कशाला? शुक्रवारी दुसरा कंटेनर निघतोय आणि त्यातही पाणी अर्धंच आहे. ड्रायव्हर तोच, त्याची मुलगी आत्ता कुठे पहिलीत गेलीये. झोप लागत नाही. मी हट्ट धरला तर काम जाईल का, हा विचार येतो, मग ती वर उचललेली चाकं दिसतात.

बोअरची नवीन रिग आली म्हणे, अभिनंदन! काळ्या फत्तरात कशी चालते ते कळव. चिंगीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

शुक्रवारी पहाटे पाचला यार्डात जाऊन ड्रेनचा व्हॉल्व्ह मी स्वतः उघडणार आहे. त्याआधी एकदा फोन कर. अण्णांनाही दे.

तुझा,
बाळू