राखेतला वाल

महोदय,
शाळांतल्या परसबागांची चर्चा वाचून आजीचं परस आठवलं. न्हाणीचं पाणी जाई तिथे कर्दळ आणि अळू; पानं सुपाएवढी व्हायची. वालाचं बी ती राखेत घोळून मडक्यात ठेवी, म्हणजे कीड लागत नसे. (कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२०ची पद्मश्री मिळाली ती असंच गावठी बियाणं जपल्याबद्दल.) पेरायचं काम माझं. रोज उकरून बघायचो आणि धपाटा खायचो! शाळांनी परसबाग जरूर करावी, पण फोटोपुरती नको. बी मुलांनीच पेरावं. मी साठीतही तिसऱ्या मजल्यावर तेलाच्या डब्यात वाल लावतो. चौथ्या दिवशी बोट मातीत जातंच.

– एक वाचक, डोंबिवली