पहिल्या नंबरच्या कुस्तीलाच ‘लाईव्ह’ का अडकतं?

महोदय,

चैत्र लागला की सांगली-साताऱ्याकडे गावोगावच्या यात्रा आणि कुस्त्यांची मैदानं सुरू होतात. आता बरीच मैदानं यूट्यूबवर थेट दाखवतात. विटा-आटपाडीकडची गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातली मंडळी देशभर पांगलेली, माण-खटावची कितीतरी घरं मुंबईत. त्यांची यात्रा मोबाईलच्या पडद्यावरच होते. दुपारी पोरासोरांच्या कुस्त्या स्वच्छ दिसतात आणि दिवस कलताना पहिल्या नंबरची जोड सलामीला उभी राहिली की नेमकं चित्र थिजतं. कमिटी कॅमेरावाल्यावर चिडते, कॅमेरावाला ‘नेट नाही’ म्हणून हात वर करतो. खरं तर नेट असतं, पण ते सकाळी मोकळ्या मैदानात आणि उलट्या बाजूने मोजलेलं असतं.

प्रक्षेपणाला लागतो अपलोड, म्हणजे आपल्याकडून वर पाठवण्याचा वेग. डाऊनलोड चाळीस एमबीपीएस दिसला म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. मोबाईल टॉवर कित्येक वॅट ताकदीने बोलतो, आपला फोन साधारण पाव वॅटनेसुद्धा बोलत नाही. शिवाय फोर-जी असो वा फाईव्ह-जी, ज्या पट्ट्यांत एकाच लहरीवर आळीपाळीने अपलोड-डाऊनलोड चालतं, तिथे वेळेचा मोठा वाटा डाऊनलोडला दिलेला असतो. उरलेल्या अरुंद वाटेवर संध्याकाळी मैदानातले हजारो फोन एकदम चढतात. जो तो तीच कुस्ती स्वतःच्या स्टेटसला टाकत असतो ना! त्यामुळे चाचणी घ्यायची तर गर्दी असताना घ्या, निदान आदल्या दिवशी छबिन्याच्या वेळी. पाच-पाच मिनिटांनी सहा वेळा अपलोड मोजा आणि सगळ्यात कमी आकडा धरा. त्याच्या निम्म्यावर बिटरेट (दर सेकंदाला पाठवायचा डेटा) ठेवा. सहा एमबीपीएस मिळत असेल तर चित्राला तीन, आवाजाला १२८ केबीपीएस. उरलेली जागा रिकामी ठेवायची, कारण यूट्यूबकडे चित्र पाठवायला आपल्याकडे सर्रास वापरतात त्या आरटीएमपी पद्धतीत वाटेत हरवलेला तुकडा पुन्हा पाठवावा लागतो. तेवढी मोकळीक नसेल तर मागे रांग तुंबते आणि एन्कोडर (चित्र दाबून पाठवणारं ॲप किंवा यंत्र) फ्रेम टाकून द्यायला लागतो.

तीन एमबीपीएसमध्ये ७२० पी, सेकंदाला ३० फ्रेम, हे कुस्तीला भरपूर झालं. ‘फुल एचडी’चा हट्ट कमिटीचा असतो, प्रेक्षकाचा नसतो. की-फ्रेम (पूर्ण चित्राची फ्रेम) दोन सेकंदांवर आणि बिटरेट स्थिर. कॅमेरा जोडीवर धरून ठेवा. लाल माती एकसारखी असल्याने थोडक्या डेटात बसते. गर्दीवरून सर्रकन फिरवला की चित्राचे चौकोन पडलेच. पालीच्या खंडोबाच्या यात्रेत उधळलेला भंडारा तर एन्कोडरचा वैरीच, कारण त्याच्या लेखी प्रत्येक कण म्हणजे नवी हालचाल. अशा वेळी दूरची चौकट घ्या.

डेटाचा हिशेबही आधी करा. तीन एमबीपीएस म्हणजे तासाला जवळजवळ १.४ जीबी. रोज २ जीबीच्या पॅकवर दोन वाजता सुरू केलेलं प्रक्षेपण साडेतीनच्या आत ६४ केबीपीएसवर येऊन बसतं. दर वर्षी कुठे ना कुठे हे घडतं आणि दोष टॉवरला जातो.

दुसरी खोट मैदानाच्या आतली. कॅमेऱ्याचा फोन दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवर चालवतात. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. शंभर हॉटस्पॉट चालू असतील तर सगळे त्या तिघांतच रेटारेटी करणार. त्यात माणसाचं शरीर म्हणजे पाणी, आणि पाणी ही लहर शोषून घेतं. सकाळी टेबलावर ठेवलेला राउटर उत्तम चालतो, दुपारी लोक उभे राहिले की मान टाकतो. राउटर बांबूवर दहा-बारा फूट वर बांधा, ५ गिगाहर्ट्झवर न्या, आणि जिथे शक्य तिथे वायरच घाला. फोन ते फोन नेट द्यायचं तर हॉटस्पॉटऐवजी यूएसबी केबल. कॅमेरा ते टेबल नेटवर्क केबल शंभर मीटरपर्यंत बिनधास्त जाते, आणि आयपी (नेटवर्कवर चालणारा) कॅमेरा असेल तर त्याच केबलमधून वीजही जाते.

आता मुख्य सूचना. भारतनेट योजनेतून ज्या ग्रामपंचायतींत फायबर आली आहे, तिथे चालू असलेली जोडणी यात्रेच्या दिवशी कार्यालयाला कुलूप लावून आत पडून असते. मैदान तिथून तीन-चारशे मीटर, फार तर अर्धा किलोमीटर. एवढ्या अंतराला ५ गिगाहर्ट्झवर समोरासमोर बोलणाऱ्या दोन छोट्या डिश पुरतात. पहिल्या नंबरच्या इनामापुढे त्यांचा खर्च किरकोळ आहे आणि त्या वर्षानुवर्षे चालतात. २०१८ साली केंद्र सरकारने या पट्ट्याचा मोठा भाग ठरावीक ताकदीच्या मर्यादेत परवानामुक्त केला, त्यामुळे वेगळा परवाना लागत नाही.

डिश बसवताना मात्र नुसती एकमेकींना दिसली म्हणजे झालं असं नाही. लहरीला मध्ये फुगीर जागा लागते. अर्ध्या किलोमीटरच्या मध्यावर सरळ रेषेच्या खाली सुमारे अडीच मीटर मोकळं हवं. आपल्याकडे मध्ये ऊस असतोच, आणि तो दहा-बारा फुटांवर गेलेला असतो. म्हणून दोन्ही टोकांना डिश वीस फुटांवर घ्या. ओली पानं आणखी लहर खातात. वळवाची सर आली की तुटणारी जोडणी बहुधा चिंचेच्या किंवा आंब्याच्या फांदीतून जात असते. चॅनेल १४९ ते १६५ मधला निवडा. १४९च्या खालच्या बऱ्याच चॅनेलांवर रडारची चाहूल लागली की यंत्र नियमानुसार तिथून उठतं, आणि नव्या जागी बसण्याआधी मिनिटभर कान देऊन थांबू शकतं. तेवढ्या वेळात कुस्ती चितपट होऊन पैलवान खांद्यावर चढलेला असतो. चॅनेलची रुंदी ८० नको, २० मेगाहर्ट्झ पुरे. विजा कडाडू लागल्या तर डिशची केबल काढून ठेवा.

फायबरची पेटी आणि डिश दोन्ही विजेवर. वीज गेली की पंचायतीतली पेटी बंद पडते आणि मैदानात जनरेटर धडधडत असूनही प्रक्षेपण जातं. पेटीला इन्व्हर्टर द्या आणि किल्ली असलेला माणूस मैदानात हजर ठेवा. मोबाईलचं सिम राखीव ठेवावं, पण फायबरहून सिमवर जाताना जोडणी काही सेकंद तुटतेच. म्हणून यूट्यूबच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो-स्टॉप’ बंद करा, आणि घाबरून ‘एंड स्ट्रीम’ दाबू नका. दाबलंत तर नवी लिंक तयार होते आणि व्हॉट्सॲपवर जुनी लिंक मिळालेले सगळे बाहेर राहतात. विलंब ‘नॉर्मल’ ठेवा, म्हणजे पाहणाऱ्याच्या फोनमध्ये काही सेकंदांचा साठा राहतो. कोलकात्यात बसलेल्याला निकाल अर्धा मिनिट उशिरा कळल्याने काही बिघडत नाही. गावातच घरी बसून पाहणाऱ्याला आरोळी आधी ऐकू येईल, त्याला इलाज नाही.

आवाज निवेदकाच्या मिक्सरमधून घ्या आणि हलगीसाठी वेगळा माईक लांब ठेवा. सत्काराच्या वेळी कर्ण्यावर सिनेमाची गाणी लावू नका, कॉपीराइटच्या कारणाने प्रक्षेपण थांबू शकतं. फोन सावलीत ठेवा, उन्हात चार्जिंगला लावलेला फोन तापून बंद पडतो. यूट्यूबवरचं चॅनेल नवं असेल तर थेट प्रक्षेपणाची परवानगी सुरू व्हायला २४ तासही लागतात, ती यात्रेच्या सकाळी मागून उपयोग नाही.

यात्रा कमिट्यांना विनंती एवढीच, की ठेका देताना ‘किती कॅमेरे, ड्रोन आहे का’ याआधी ‘अपलोड कुठून घेणार आणि तो कधी मोजलात’ हे विचारावं. आणि ग्रामपंचायतींनी यात्रेच्या ठरावातच फायबरची जोडणी दोन दिवस मैदानाला देण्याचा एक मुद्दा घालावा. कॅमेऱ्याच्या कार्डावर पूर्ण रेकॉर्डिंग चालू ठेवायला तरीही विसरू नये.

— यात्रा-मैदानांच्या थेट प्रक्षेपणाचं काम करणारे, तालुका पलूस, जि. सांगली